घराचं अंतर

ड्रोन बांधायला बसलं की पहिला नियम एकच: सगळं तपासून होईपर्यंत पाती चढवायची नाहीत. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, नियम पाळण्यात कसूर नाही. निवृत्तीनंतर माझा वेळ जावा म्हणून जीनाने, माझ्या मुलीने, सुट्या भागांचा संच पाठवला आणि नंदाखाल गावातल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात आलं. सोल्डरिंग करताना मेणकापडाला भोक पडलं. माझ्या बायकोने, शर्लीने, त्यावर फुलदाणी ठेवली आणि पाहुण्यांसमोर ती हलवायची नाही अशी मला तंबी दिली.

चार मोटरी. दोन उजवीकडे फिरणाऱ्या, दोन डावीकडे. पहिल्यांदा मी पाती उलटी बसवली आणि यंत्र अंगणातच कोलांटी खाऊन केळींत पडलं. शर्ली पोट धरून हसली. त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस कोणी हसलं नाही.

या यंत्राची एक सोय आहे. उडण्याआधी ते उपग्रह शोधतं आणि उभं असेल ती जागा ‘घर’ म्हणून लक्षात ठेवतं. वर गेल्यावर रिमोटशी संपर्क तुटला तर आपलं आपण घरी परत येतं. घर किती दूर आहे, तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो. अंगणात तो शून्य हवा. पाती सुलटी करून पुन्हा उडवायला घेतलं त्या सकाळी तो साठ-पासष्ट मीटर दिसत होता. वर गेल्यावर सुधारेल, असं म्हणून मी उडवलं. नवशिके हीच चूक करतात.

माडांच्या शेंड्यांपलीकडे संपर्क तुटला. चित्र गेलं, स्क्रीनवर नुसत्या मुंग्या. मी निवांत होतो. ते परत वळलंही. पण आमच्या अंगणावरून सरळ पुढे गेलं आणि गल्लीपलीकडे बेटीच्या मागच्या दारी, न्हाणीघराच्या वर जाऊन थांबलं. त्या न्हाणीला पत्रा अर्धाच आहे. आतून किंकाळी आली.

बेटी एकटी राहते. तिचा नवरा स्टीवन कुवेतला गेला तो गेलाच. त्याच वर्षी तिने परसातलं बावखल, म्हणजे बागेला पाणी देणारं जुनं तळं, बुजवून त्यावर ही न्हाणी बांधून घेतली. आमच्याकडची कितीतरी बावखलं अशीच बुजली, त्यात नवल काही नाही.

स्टीवनचा भाऊ एरॉल यंत्र घेऊन आला. मेलेला उंदीर धरावा तसं त्याने ते धरलं होतं.

“सर, हे तुमचंच ना?”

“एरॉल, अरे ते आपोआप जातं...”

“आपोआप न्हाणीवरच जातं?”

गल्लीत माणसं जमली होती. त्यांतली निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी बेटी बाजारात गेल्याची खात्री करून मी एरॉललाच अंगणात उभं केलं, यंत्र उडवलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत रिमोट बंद केला. ते पुन्हा तिथेच गेलं.

“म्हणजे तुम्ही आधीपासूनच तसं बसवून ठेवलंय,” एरॉल म्हणाला. “वयाचा मान ठेवतो, सर. नाहीतर हात उचलला असता.”

रविवारच्या मिस्साला माझ्या बाकावर आम्ही दोघंच. बायबलमधलं पहिलं वाचन वर्षानुवर्षं माझ्याकडे असायचं. फादर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “थोडे दिवस दुसऱ्या कोणाला देऊ या का?” मी मान हलवली. शर्लीने घरी येताना माझ्यापासून चार पावलं अंतर ठेवलं. सगळं गाव बोललं असतं तरी चाललं असतं; तिचं ते अंतर मला सोसवलं नाही.

पुरावा होता. कॅमेऱ्यातल्या कार्डावर सगळं साठतं, संपर्क तुटला तरी. पण बघावं तर पाप, न बघावं तर सुटका नाही. शेवटी मी शर्लीला म्हणालो, “तू आणि बेटी बघा. मी तोंड फिरवून उभा राहतो.”

बेटीच्या ओटीवर लॅपटॉप लावून मी भिंतीकडे तोंड केलं. मागे पात्यांचा आवाज सुरू झाला. मग झावळ्यांची सळसळ.

“बेटी,” शर्ली म्हणाली, “हे तर तुझं बावखल.”

मी वळलो.

पडद्यावर न्हाणी नव्हती. हिरवं पाणी होतं, काठाला अळू, उतरायच्या दगडी पायऱ्या. कोपऱ्यातली तारीख त्या सकाळचीच होती.

पाण्यात एक माणूस कमरेपर्यंत उभा होता. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. त्याने वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि कोणाला तरी बोलवावं तसा दुसरा हात हलवला. यंत्र थोडं खाली उतरलं.

स्टीवनला मी ओळखत होतो.

“बंद करा,” बेटी म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. ती आत जाऊन पाणी पिऊन आली.

“एरॉलला मी सांगते. फादरनाही सांगते की सरांची काही चूक नाही, यंत्रच बिघडलंय, कार्डात काहीच नव्हतं. तुम्ही तेवढं पुसून टाका.”

मला विचारायचं होतं. प्रश्न तोंडापर्यंत आला होता. पण समोर वाचनाचा मंच दिसला, माझा बाक दिसला, शर्लीची ती चार पावलं दिसली. मी शर्लीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

मी पुसून टाकलं.

पुढच्या रविवारी वाचन मला परत मिळालं. एरॉलने सगळ्यांसमोर हात हातात घेऊन माफी मागितली, आणि मी ती घेतली. बेटीने वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवली. मी ती खाल्ली. खोट्या आळाची लाज अंगावरून उतरते, हे मला कळलं. ही, पुसून टाकल्याची, उतरत नाही. वाचताना माझा आवाज मलाच परका वाटतो.

यंत्र मोडायचं ठरवलं. त्याआधी त्याच्या लक्षातली घराची जागा पुसावी म्हणून टेबलावरच चालू केलं. स्लॅबखाली उपग्रह सापडत नाहीत. तरी आकडा होता, चाळीस मीटर. पुसला तरी गेला नाही. दुसऱ्या दिवशी वीस.

आज सकाळी बघितलं तेव्हा शून्य होतं.

“कॉन्रॅड,” शर्लीने स्वयंपाकघरातून हाक मारली, “लादीच्या सांध्यांतून पाणी वर येतंय रे. हिरवट आहे.”

“पुसून टाक,” मी म्हणालो.