नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी

खरं प्रेम हिशेब पाहत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. मात्र आमची नायिका विमा कंपनीत दावे तपासायला होती, आणि तिच्या हाताखालून आजवर एकही सत्य तपासल्याशिवाय सुटलं नव्हतं. कचेरीत तिला 'उलटतपासणी' म्हणत.

एका दुपारी तिचा कॅल्क्युलेटर बंद पडला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात एक तरुण कारागीर ओठांत स्क्रू धरून बसला होता. मशीन उघडून, फुंकर मारून, पुन्हा बंद करून त्याने तिला मनातली कुठलीही तीन आकडी संख्या विचारली.

"कशाला?"

"चालतंय का बघायला."

तिने चारशे सदतीस सांगितली. त्याने ती शेजारीशेजारी दोनदा दाबली, ४३७४३७. मग सातने भागलं, अकराने भागलं, तेराने भागलं. पडद्यावर पुन्हा चारशे सदतीस.

"तुमचं तुम्हाला परत," म्हणत तो हसला. हसू गरजेपेक्षा जरा जास्तच छान होतं... संशय तिथेच आला.

मग तो कॅल्क्युलेटर वरचेवर बिघडू लागला. दर वेळी नवी संख्या, दर वेळी तेच हसू. आणि एकदा तिच्या पुढे एक मिशाळ ठेकेदार उभा. त्यालाही संख्या विचारली गेली, त्याचंही त्याला परत मिळालं. हसूसकट.

"म्हणजे हे कुणालाही लागू पडतं," ती म्हणाली.

त्याने कबूल केलं. तीन आकडे दोनदा लिहिणं म्हणजे एक हजार एकने गुणणं, आणि एक हजार एक म्हणजे सात, अकरा नि तेराचा गुणाकार.

"आणि ते हसणं? तेही मशीन तपासायला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने तिच्या मशीनवर ९९९९८३ दाबलं. ही मूळ संख्या, हिला कुणी भागू शकत नाही, आणि ही मी गिऱ्हाइकांना देत नाही, असं तो पुटपुटला.

ती जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून भागायला बसली. तो म्हणाला होता, हजारापर्यंत बघा, पुरे. त्यापुढे भाजक असलाच तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडतो. म्हणजे हजारापुढे नक्की काहीतरी दडवलंय, असं ठरवून ती पुढेही गेली. मुलगा कसा आहे, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाली, अजून दोन हजारापर्यंतच पाहिलाय.

शेवटी ती दुकानात आली.

"कशानेच भाग जात नाही."

"एकाने जातो ना..." तो हळूच म्हणाला. "एक, आणि ती स्वतः. दोघंच. मला वाटलं — त्यातली एक तुम्ही."

तिने हाही दावा तपासला. "एकाने तर सगळ्याच संख्यांना भाग जातो."

त्याचा चेहरा पडला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "जातो," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

स्वतःच्याच दाव्यातली खोट इतक्या सरळ मान्य करणारा माणूस तिने अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. तिने जरा जवळ सरकून खात्री केली. तो हसत नव्हता.

"रविवारी आईला भेटायला या."

आता मात्र तो हसला. तेच हसू. पण समोर मशीन नव्हतं.

"आणि येताना दोन सेल आणा," ती म्हणाली. "भागून भागून संपलेत."