मास्तरांचे निरोप

बाल्कनीतलं झाडून सगळं पब्लिक उभं राहून नाचत होतं. बसून होती ती फक्त दोघं — पहिल्या रांगेत, कठड्याला लागून, शेजारी शेजारी. तिच्या डोळ्यांना दुर्बीण होती आणि त्याचे डोळे चक्क मिटलेले होते. रॉकच्या कार्यक्रमात असं बसणं म्हणजे पंगतीत पत्रावळ उलटी घालण्यासारखंच, पण दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

दुसरं गाणं संपलं. टाळ्या ओसरत आल्या तसे शेजारच्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या दुर्बिणीकडे.

"एखादा दुर्मिळ पक्षी दिसतोय का?" त्याने विचारलं.

"बोट बघतेय," ती दुर्बीण न हलवता म्हणाली.

"कोणतं?"

"डाव्या हाताचं. करंगळीशेजारचं."

"आणि बाकीची नऊ?"

"ती ठणठणीत आहेत. त्यांच्याकडे बघायला हे सगळे लोक आहेत ना."

तो हसला. हसताना त्याने तोंडावर हात धरला तेव्हा तिने पहिल्यांदा दुर्बीण खाली घेतली. माणसाचा चेहरा ती नेहमीच नंतर बघत असे, आधी हात. या हाताच्या नखांत लाकडाला लावायचं काळं पॉलिश बसलेलं होतं, बोटांची टोकं घट्टे पडून टणक झालेली. आणि अंगातला शर्ट इतका कोरा, की पुडक्यातल्या घडीची रेघ अजून छातीवरून आडवी जात होती.

"तुम्ही वाजवता?" तिने विचारलं.

"छे. ऐकतो फक्त. तुम्ही... बोटांच्या डॉक्टर?"

"फिजिओथेरपिस्ट. फक्त हातांची."

हे ऐकून तो एकदम सावरून बसला. काहीतरी बोलणार होता. पण तिचा बांध फुटला होता आणि ती बोलतच सुटली. सकाळपासून एकट्यानेच काळजी करत बसलेल्या माणसाला शेजारी एक ऐकणारा कान मिळाला की असंच होतं.

मंचावर जे गिटार वाजवत होते त्यांना सगळे मास्तर म्हणत. शहरातल्या निम्म्या गिटारवाल्यांना त्यांनीच शिकवलं होतं. आज त्यांच्यासमोर उभी राहून त्यांना टक्कर देणारी ती झिपरी मुलगी, जिला लोक बिजली म्हणून हाका मारत होते, तीही त्यांचीच शिष्या. सहा महिन्यांपूर्वी पेला विसळताना काच फुटली आणि मास्तरांच्या त्या एका बोटाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आरपार कापली गेली. सर्जनने ती शिवली. पण शिवलेलं बोट पुन्हा वाकायला लावणं हे हिचं काम. पहिल्या दिवशी मास्तरांना कागदाची क्लिपसुद्धा उचलता आली नव्हती.

"सर्जन म्हणाले, अजून तीन महिने थांबा. आणि मी..." ती क्षणभर थांबली. "मी बोट तपासलं, चार वेळा तपासलं आणि लिहून दिलं, मंचावर वाजवायला हरकत नाही म्हणून. खाली माझी सही. आज ती कंडरा तुटली तर ती परत जोडता येत नाही. म्हणजे मास्तरांचं वाजवणं संपलं. माझ्या सहीने."

"नाही तुटणार," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? तो शेवटचा लांब सूर ठाऊक आहे ना?"

तो सूर सगळ्यांनाच ठाऊक होता. कार्यक्रमाच्या शेवटी मास्तर एक तार त्याच बोटाने वर ओढत आणि ती तशीच धरून ठेवत. सगळं सभागृह श्वास रोखून बसे.

"तेवढा सोडून सगळं वाजवा म्हणून मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. पण मंचावर चढलेला माणूस कबुली लक्षात ठेवतो थोडीच? आणि त्यात तो गिटार दुरुस्तीवाला."

"कोण... दुरुस्तीवाला?"

"आहे एक आडमुठा. मास्तरांची गिटार त्याच्याकडे असते. मी मास्तरांकरवी सांगून पाठवलं, तारा बारीक लावा, बोटावर ताण कमी येईल. तर उलट निरोप काय? 'डॉक्टरीणबाईंना म्हणावं, तुम्ही हात सांभाळा, तारांचं आम्ही बघतो.' मी म्हटलं, निदान तारा थोड्या खाली तरी घ्या, दाबायला सोप्या. तर म्हणे, 'उद्या म्हणाल गिटारला ताराच नकोत.' माझा नुसता तिळपापड झाला."

"असं म्हणाला तो?" शेजारचा फार हळू आवाजात म्हणाला.

"दर आठवड्याला नवीन. जिभेला हाडच नाही त्या माणसाच्या."

"आणखी काय म्हणाला?"

तिने आणखी चार निरोप ऐकवले. शेजारचा खाली मान घालून ऐकत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. मग तिसरं गाणं सुरू झालं आणि तिने पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली.

मध्यंतरात दोघं बाहेरच्या मोठ्या खिडकीशी उभी होती. बाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं. तो दोन कागदी कपांत कॉफी घेऊन आला होता. तिचा कप तिच्या हातात देईपर्यंत तो थांबला आणि मग म्हणाला,

"मघाशीच सांगायला हवं होतं... तो आडमुठा मीच."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण इमारत नवी होती, फरशी पक्की होती.

"पण एक सांगू?" तो म्हणाला. "त्यातलं एक अक्षरही मी बोललेलो नाही. तारा मी पहिल्याच महिन्यापासून बदलत आणल्या. एकदम नाही, दर पंधरा दिवसांनी एकेक नंबर बारीक, म्हणजे त्यांच्या हाताला जाणवायला नको. मग सगळा बँडच अर्धा सूर खाली मिळवायला लावला. तार आणखी सैल पडते त्याने. तुम्ही जे जे सांगून पाठवलं, ते सगळं केलंय."

"मग ते निरोप..."

"मास्तरांचे स्वतःचे. तुमच्यासमोर तोंड उघडायची त्यांची टाप नसणार. व्यायामाचा सगळा वैताग माझ्या नावावर खपवला."

तिला हसू फुटलं. सहा महिने ज्या माणसाला पाण्यात पाहिलं तो समोर कोरा शर्ट घालून उभा होता आणि तिला हवं ते सगळं आधीच करून बसला होता. ती हसता हसता म्हणाली,

"तुमच्याकडे माझे निरोप तरी नीट पोहोचले का?"

"ते तर..." त्याने कपाकडे पाहिलं. "फार चांगले पोहोचायचे. 'बारीक तारा लावा' एवढंच नाही. 'तो माणूस पाठीशी आहे म्हणून मला घोर नाही.' 'अर्धा उपचार त्यांचाच आहे.' परवा तर... 'इतक्या मनापासून काम करणाऱ्या माणसाला एकदा बघायचंय.' म्हणून मी आज मास्तरांनी दिलेल्या तिकिटावर—" त्याचा हात नकळत शर्टच्या घडीवरून फिरला.

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. होय म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि संध्याकाळ सुखाची झाली असती. पण आधीच दोघांच्या मध्ये पुष्कळ खोटं बोलून झालं होतं.

"मी यातलं काहीच म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"एकही वाक्य नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. कप हातात फिरवत पुन्हा म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." आणि कॉफी गार झाल्याचं निमित्त करून कप टाकायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

घंटा झाली. दोघं जागेवर येऊन बसली. आता दोन खुर्च्यांमधल्या हातावर कोणाचंच कोपर नव्हतं.

उत्तरार्धात बिजली पेटली. तिने एक तान टाकायची, मास्तरांनी ती उलटी करून परत द्यायची. तिने वेग वाढवला, त्यांनी दुप्पट केला. तिने गिटार मानेमागे धरून वाजवली, तर त्यांनी एका जागी उभं राहून, नुसत्या भुवया उडवून तिला चिडवलं. खालच्या ढोलाचे ठोके खुर्चीतून पाठीत शिरत होते. लोक वेडे झाले होते. आणि बाल्कनीत दुर्बिणीमागे एक मुलगी मोजत होती — आता गिटारच्या दांड्यावरच्या तेराव्या पडद्यावर, आता पंधराव्या, बोट सरळ आहे, बोट थरथरत नाही, अजून थरथरत नाही.

मग ढोल थांबला. दिवे मंद झाले. मास्तर एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी बोट तारेवर ठेवलं. तेच बोट.

"नाही... मास्तर, नाही," ती पुटपुटली. दुर्बीण मांडीवर पडली. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. "मला बघवत नाही."

"मग नका बघू," शेजारून आवाज आला. "मी बघतो. तुम्ही ऐका."

सूर निघाला. खालून, अगदी हलका, आणि मग वर चढत गेला.

"कसं आहे?" तिने डोळे झाकूनच विचारलं.

"सरळ आहे. मधलं बोट मागून टेकू देतंय."

ते तिनेच शिकवलं होतं. एक बोट एकटं कधी ओढणार नाही, मागे दुसरं असेल. शंभरदा सांगितलं होतं आणि शंभरदा त्यांनी नाक मुरडलं होतं.

आणि मग एक गोष्ट झाली. सहा महिने तिने हे बोट पाहिलं होतं, किती अंशात वाकतं ते मोजलं होतं, सूज उतरल्याच्या नोंदी केल्या होत्या. पण मास्तरांना तिने कधी मन लावून ऐकलं नव्हतं. आज पहिल्यांदा, डोळे मिटून, तिने ऐकलं. त्या सुरात राग नव्हता, दुखणं नव्हतं. माणूस बऱ्याच दिवसांनी आपल्या घरचं दार उघडून आत जातो, तेवढंच त्यात होतं. तिच्या बोटांच्या फटींतून पाणी वाहू लागलं. एवढ्यासाठी आपण त्या क्लिपा उचलायला लावत होतो... याच्यासाठी. ज्या कोणाचे आभार मानायचे असतात त्या सगळ्यांचे तिने त्या अंधारात आभार मानले. सर्जनचे, मास्तरांचे, त्यांच्या हट्टाचे आणि नंबरानंबराने बारीक होत गेलेल्या तारेचे.

"आता?" तिने विचारलं. "दुखतंय त्यांना?"

"थांबा... त्यांनी बिजलीकडे मान हलवली. तिने तोच सूर उचलला. मास्तरांचा हात खाली आलाय. बोटं झटकतायत."

"कंडरा तुटली?"

"नाही हो. बोट थकलं, म्हणून थांबले. हसतायत. आता तो सूर तिचा आहे."

तिला दोन गिटारींच्या सुरांमधला सांधा कुठेच ऐकू आला नव्हता. तीन हजार माणसांपैकी कोणालाच आला नव्हता. सूर तसाच वर उभा होता, शिष्येने धरलेला. थकवा आला की थांबायचं, हेही तिनेच सांगितलं होतं. तिने हात बाजूला केले, डोळे उघडले. मास्तरांनी पुन्हा बोट तारेवर ठेवलं, बिजलीच्या सुरात आपला सूर मिसळला आणि दोघांनी मिळून तो खाली आणला. मग जे काही झालं त्याला टाळ्या म्हणणं कमीच होतं.

त्या गदारोळात तिने शेजारी वळून पाहिलं. त्याचेही डोळे ओले होते.

"थँक्यू," ती म्हणाली. गोंगाटात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने त्याच्या कानाशी वाकून पुन्हा म्हटलं, "तुम्ही ती तार बदलली नसती तर आज..."

"तुम्ही सही केली नसती तर गिटार भिंतीवरच राहिली असती," तो म्हणाला.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराशी मास्तर लोकांच्या गराड्यात उभे होते. या दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. तिने आधी त्यांचा हात घेतला, बोट वाकवून पाहिलं, दाबून पाहिलं. बोट शाबूत होतं. मास्तरांनी तिचा हात सोडला नाही. ते फक्त "पोरी..." एवढंच म्हणाले. मग सवयीप्रमाणे गडबडीने बोलण्याची गाडी वळवली.

"आता ओळख झालीच आहे तर सांगतो. हा मुलगा जरा मुखदुर्बळ आहे. त्याचं म्हणणं असं आहे की तुम्ही—"

"मास्तर," ती म्हणाली, "निरोप पुरे. ज्याचं त्याला बोलू द्या."

ती त्याच्याकडे वळून उभी राहिली. त्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नाइलाजाने तोंड मिटलं.

"मला तुम्ही आवडत होता," तो अडखळत म्हणाला. "पण ती मास्तरांनी रचलेली बाई होती, गोड बोलणारी. आज जी भेटली तिने मला तोंडावर आडमुठा म्हटलं, आणि खोटं बोलून माझं मन राखायची संधी होती ती घेतली नाही... मला ही जास्त आवडली. तुमचं काय ते तुम्ही सांगा. नाही असेल तर तसं सांगा. मला खरं चालतं."

सहा महिन्यांचा राग कुठे गेला ते ती शोधत होती आणि सापडत नव्हता.

"सहा महिने मी रोज तुमच्याशी मनातल्या मनात भांडलेय," ती म्हणाली. "दवाखान्यात, बसमध्ये, दात घासताना. इतकं रोज मी दुसऱ्या कोणाशीच बोललेली नाही. आता ते बंद करायचं म्हटलं तर... करमणार नाही मला."

"मग?"

"मग उद्यापासून समोर येऊन भांडते. चालेल?"

तो हसला आणि या वेळी त्याने तोंडावर हात धरला नाही. "कितीही वाजता," तो म्हणाला.

मास्तर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. खरं तर तिने त्यांच्यावर रागवायला हवं होतं. पण तिने त्यांचा तो बरा झालेला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना मनापासून नमस्कार केला.