लवणासुराची बहीण

मेहकरहून लोणारला येणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून पुष्पांजलीच्या गोष्टीची पानं भुर्रकन उडाली, तेव्हा मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसानं सरळ घंटीची दोरी ओढली. टिंग. एकदाच. बस थांबली.

"एस.टी. तुह्या बापाची हाय काय बे?" कंडक्टर खेकसला.

हाती लागलेलं एक पान वाचत तो माणूस हसला, "लवणासुर पळून राह्यला ना भाऊ!"

तो सोनाळ्याचा शेखर. लोणारला शाळेच्या भिंती रंगवायला आलेला. मग पुष्पांजलीच्या बालसाहसकथेची चित्रंही तोच काढू लागला, दर गुरुवारी, महादेवाच्या ओट्यावर बसून. कथेत दोन भावंडं सरोवराकाठच्या भुयारात शिरतात... आणि लवणासुराची गुहा त्यांना दाखवते त्याचीच बहीण. देवावर जीव जडलेली.

"मंग देवानं नेलं काय तिले?"

"नाही. तिचं पुढे काय झालं, कुणी सांगतच नाही."

"तुमच्या पुस्तकात तरी तिले एकटी नोका ठेवू," तो हळूच म्हणाला.

पुष्पांजलीनं पापण्या झुकवल्या. शेवटचं पान कोरंच राहिलं.

कार्तिकातल्या एका सोमवारी अवकाळी आभाळ दाटलं होतं. शेखर अवचित ओट्यावर आला, खांद्यावर पिशवी घेऊन. भिंती संपल्या होत्या. नागपूरला काम लागलं होतं.

"साडेपाचची गाडी हाये. तुम्ही थांबा म्हटलं... तं थांबतो."

तिचा सोळावा सोमवार. दिवेलागणीपर्यंत मौन. ज्याच्यासाठी हे सोमवार धरले, तेच समोर उभं होतं आणि बोलायचं नव्हतं! नुसती मान हलवून सांगायची ही गोष्ट थोडीच होती? तिनं कळवळून हात जोडले, मनात म्हणत — दिवा लागेपर्यंत थांबा...

गुरुवारीच भेटणाऱ्या त्याला मौन काय ठाऊक! त्याचा चेहरा विझला.

"बरं. नमस्कार."

ओट्यावर चित्र ठेवून तो गेला. चित्रातल्या असुराच्या बहिणीला पुष्पांजलीचा चेहरा होता.

ती पिंडीसमोर बसून राहिली. ओठ मिटलेले, गाल ओले. दिवा लागला. मौन सोडताना पहिला शब्द देवाचा असायचा. आज तिनं आधी शेखरला फोन लावला.

"थांबा," ती म्हणाली. "आज मौन होतं हो माझं... शेवटचं पान कोरं आहे. परत या."

पलीकडे फक्त गाडीची घरघर.

मग — टिंग. एकदाच.

"अबे, पुन्हा तूच काय?" कंडक्टर ओरडला.