पाच वाजेपर्यंतचा खांब

"आलास? ये, धर हे. आणि हलायचं नाही!"

टेकडीवर धापा टाकत पोचलेल्या माणसाच्या हातात तिनं इंटरनेटची परातीएवढी डिश कोंबली. मदतीला कुणीतरी पाठवतो, असं मामा म्हणाला होता. पण याचा तर इस्त्रीचा शर्ट, चष्मा, खांद्याला बॅग... मामा माणसं कुठून शोधतो कोण जाणे!

"अहो, मी—"

"बोलू नकोस. बोललास की डिश हलते."

तो बिचारा गप्प झाला. डिश मात्र अशी धरली, जणू कुणी तान्हं मूल हातात दिलंय.

चाचणीपुरता रोवलेला डिशचा खांब सकाळपर्यंत उभा होता. मग एका बैलाला पाठ खाजवायची हुक्की आली आणि खांबानं जमिनीला नमस्कार केला. तोही आजच! तिची आणि मामाची मिळून दोन माणसांची इंटरनेट कंपनी. खाली खोऱ्यात चाळीस घरं, आणि चाळीस घरांसाठी मोठ्या कंपन्या टेकडी चढत नाहीत. म्हणून तर सरकारनं छोट्यांना कर्ज द्यायचं ठरवलं होतं. पक्का मनोरा त्यातूनच उभा राहणार होता. आज कर्जखात्याचा साहेब जागा बघायला येणार, त्यानं पाचच्या आत अहवाल पाठवला तर ठीक, नाहीतर थेट पुढच्या वर्षी. तोवर दवाखान्यातली नर्स रेंजसाठी रोज फोन उंच धरून टेकडी चढत राहणार.

"थोडं डावीकडे... अजून... बस!"

तिच्या हातातल्या, सिग्नल दाखवणाऱ्या डब्यावरचे पाचही दिवे हिरवे झाले. हे तिनं शंभरदा पाहिलं असेल, तरी दर वेळी ती मान वर करून पलीकडे बघायचीच. चौदा किलोमीटरवर शहरातला मनोरा, टाचणीच्या टोकाएवढा. मधे नदी, शेतं, पाखरांचा एक थवा. तार नाही, दोरा नाही. आणि तरी...

"हे सगळं... माझ्या हातातून जातंय?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

"बापरे." तो खरंच थक्क झाला होता. मग म्हणाला, "आता बोललं तर चालेल? मी कर्जखात्याचा निरीक्षक."

तिच्या हातातला पाना खाली पडला.

"अहो साहेब! मी तुम्हाला अरेतुरे... द्या, द्या ती डिश!"

"हलवू नका! दिवे जातील. अहवाल इथूनच ऑनलाइन पाठवायचा, असा नियम आहे. बॅगेत टॅब आहे. तुम्ही वाचा, मी सांगतो."

असा सगळा उलटा कारभार सुरू झाला. साहेब खांब, आणि अर्जदार साहेब.

"प्रश्न सात," ती वाचायला लागली. "जागेवर सध्या इंटरनेट आहे का?... नाही म्हणू?"

"'नाही' लिहिलं, तर मग हा फॉर्म कसा उघडलाय?"

"मग आहे म्हणते."

"आहे म्हटलं तर कर्ज मिळत नाही. आहे तिथं कशाला द्यायचं?"

"हा नियम कुणी केला हो?"

"ज्याच्या टेबलावर नेट आहे, त्यानं." तो जरा विचारात पडला. "शेरा लिहा. सेवा तात्पुरती. खांब मानवी."

ती इतकी हसली की टॅब हातातून सुटता सुटता राहिला. तोही हसला... पण न हलता. फक्त डोळ्यांनी.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खालून नर्सचा व्हिडिओ कॉल! दवाखान्याच्या छपरावरची डिश तिनं कालच बसवली होती. पडद्यावर नर्स, शहरातला डॉक्टर, आणि दोन दिवसांचं एक बाळ. डॉक्टर शहरात बसून त्या बाळाचा श्वास मोजत होता. बाळानं इवलीशी जांभई दिली. दोघंही बघतच राहिले. चौदा किलोमीटरची जांभई!

"हात दुखतायत?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"छे... हात आहेत की गेले, तेच कळत नाहीये."

भुरभुर पाऊस सुरू झाला आणि त्याच्या चष्म्यावर थेंब जमले. फोन तसाच चालू ठेवून तिनं खिशात टाकला, चष्मा काढला, त्याच्याच शर्टाच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर ठेवला. बोटं त्याच्या कानाला लागली. डिश किंचित थरथरली.

"हललात," ती म्हणाली.

"वारा होता."

वारा अजिबात नव्हता.

"शेवटचा प्रश्न. निरीक्षकाचं अर्जदाराशी नातं किंवा जिव्हाळा आहे का?"

त्यानं डिशच्या कडेवरून तिच्याकडे पाहिलं. "किती वाजले?"

"चार पंचावन्न."

"मग... 'नाही' लिहा."

खरं तेच होतं. तरी तिला कुठंतरी टोचलं. "लिहिलं. आता 'पाठवा' तुम्हीच दाबायचं."

"कशानं? नाक चालेल?"

तिनं टॅब त्याच्या तोंडासमोर धरला. पहिल्या खेपेला 'रद्द करा'वर नाक पडलं. दोघंही किंचाळले. दुसऱ्या खेपेला बरोबर जागी. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं... चार एकोणसाठ. पडद्यावर उमटलं, 'अहवाल मिळाला.'

"झालं!" तिचे डोळे भरून आले.

"आता फाइल वरच्यांकडे. माझा तिच्याशी संबंध संपला." त्यानं टॅबकडे मान वळवली. "पाच वाजले का?"

"... वाजले."

"मग तो शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा ना."

तिनं टॅब बाजूला ठेवला. "जिव्हाळा आहे का?"

"साडेतीनला तुम्ही डिश हातात दिलीत, तेव्हापासून आहे. तुम्ही हलायचं नाही म्हणालात ना... मला हलावंसंच वाटत नाहीये. उद्या मनोरा उभा राहिला, तरीसुद्धा."

तिच्याआधी तिचा खिसाच बोलला.

"अगं वायरवाली, हो म्हण की!" नर्सचा आवाज. "इथं अख्खा दवाखाना कान देऊन बसलाय! डॉक्टरसुद्धा!"

"बाळ ठीक आहे," डॉक्टर घाईघाईनं म्हणाला. "तुमचं चालू द्या."

त्या खोऱ्यात इंटरनेटवरून पोचलेली पहिली बातमी ही अशी होती.

तो कानापर्यंत लाल झाला, पण डिश सोडली नाही. ती त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली.

"एक हात काढा आता," ती म्हणाली. "ही बाजू मी धरते."

त्यानं हात काढला. तिनं एका हातानं डिश धरली, दुसऱ्यानं त्याचा हात. पाचही दिवे हिरवेच राहिले.