व्हायोलेटच्या हातची वाफ

भांडुपच्या त्या इस्पितळात तान्ह्या बाळांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. बारा कॉट, खिडकीबाहेर डोंगरावर चढत गेलेली घरं आणि दिवसभर वाफ देणाऱ्या नेब्युलायझरची घरघर. ब्राँकिओलायटिसने, छातीतल्या बारीक नळ्या सुजून, धापा टाकणाऱ्या बाळांना कुठली वाफ जास्त लागू पडते, तीव्र खारट पाण्याची, अ‍ॅड्रेनालिनची की साध्या सलाईनची, याचा डॉक्टर दीप्ती अभ्यास करत होती. बाटल्यांवर नुसते आकडे. कुणाला काय मिळतंय ते तिलाही ठाऊक नव्हतं.

साठ बाळं झाल्यावर तिने तक्ता मांडला. बाटल्याबाटल्यांत काडीचा फरक नव्हता. फरक भलत्याच रकान्यात होता: मास्क कुणी धरला. सिस्टर व्हायोलेटने धरला, तर बाळ दोन दिवसांत घरी. इतर कुणी धरला, तर पाच.

व्हायोलेट गोराईची, पन्नाशीची, अबोल. "डॉक्टर, थांबा ना. सिस्टर आल्यावरच देऊया वाफ," असं शकु नावाच्या एका आईने तोंडावर सांगितलं, तेव्हा दीप्तीच्या पोटात दुखलं. अगदी खरंखुरं दुखलं. दहा वर्षं घासून शिकलो आपण, आणि नाव हिचं?

तिने पाळत ठेवली. व्हायोलेट काहीच करत नसे. बाळावर वाकायची, ओठ किंचित उघडायची. बाळाचा श्वास हळूहळू संथ व्हायचा. मग ती खिडकीचे गज धरून बराच वेळ उभी राहायची, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखाली, धापा टाकणाऱ्या बाळांच्या पडतो तसा, खळगा पडायचा. वय झालंय, दीप्तीने मनाशी म्हटलं.

"एका नर्समुळे माझा अभ्यास बिघडतोय मॅडम," तिने वरिष्ठ डॉक्टर वनमालांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हायोलेटची बदली तळमजल्यावर, लसीकरणाला.

"बरं झालं," व्हायोलेट निघताना म्हणाली. "थकले होते मी. मास्क मात्र बाळांच्या आयांनाच धरू द्या. तुम्ही नका धरू."

"का?"

"तुम्हाला फार हवंय, म्हणून."

जाता जातासुद्धा मोठेपणा! दीप्तीचा जळफळाट झाला.

त्याच दुपारी शकुचा चार महिन्यांचा आकाश निळसर पडू लागला. दीप्तीने मास्क स्वतः धरला. पाच मिनिटं काहीच घडलं नाही. ती आणखी वाकली. माझ्याही हाताला गुण येऊ दे, ती मनात म्हणाली. मला दे.

बाळाने डोळे उघडले. थेट तिच्याकडे बघितलं. मग एक लांब श्वास सोडला.

यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याण्णववर गेला. शकु रडत पाया पडली. "सिस्टरपेक्षा तुमचा हात भारी हो!"

असं सुख दीप्तीला पदवी घेतानाही मिळालं नव्हतं. पाच वाजेपर्यंत तिने आणखी चार बाळांना वाफ दिली. कुणालाच मध्ये येऊ दिलं नाही.

वॉर्ड शांत झाला. पाचही बाळं गाढ झोपली होती.

डॉक्टरांच्या खोलीत ती चहा घ्यायला बसली. छाती जराशी जड वाटली, म्हणून तिने सहज स्टेथोस्कोप स्वतःच्याच बरगड्यांवर टेकवला.

तिचा श्वास संथ होता.

त्याच्याखाली दुसरा होता. बारीक. घाईचा.

तिने श्वास रोखून धरला. खालचा चालूच राहिला.

मग तोही क्षणभर थांबला, आणि रडं फुटण्याआधी तान्ही बाळं घेतात तसा एक लांब हुंदका तिच्या छातीत आत ओढला गेला.