डोळ्यांवरची पट्टी

सकाळी दवाखान्याचं कोठार उघडलं, तर स्टोअरकीपर खुर्चीला बांधलेला. डोळ्यांवर पट्टी, शर्टावर केशरी ओघळ आणि पायाशी मुलांच्या जीवनसत्त्वाच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या.

इन्स्पेक्टरबाईंनी त्याचे हात मोकळे केले आणि पट्टी सोडली. आत दोन्ही डोळ्यांवर कापसाच्या मऊ घड्या होत्या. त्याच्या एका गालावर अंगठ्याचा वळ होता, दुसऱ्यावर बोटांचे.

"काय झालं?"

"संध्याकाळी डुलकी लागली. जाग आली तर हात बांधलेले. तोंडात बाटली ओतली. चोर होता, बाई. सगळं औषध गेलं."

बोलताबोलता त्याने ओल्या फडक्याने शर्ट पुसला. डाग चटकन गेला.

बाहेर सिस्टर एका पोराला खोकल्याचं औषध पाजत होत्या. एका हाताने गाल दाबले, दुसऱ्याने चमचा आत. मागच्या अंधाऱ्या बोळात त्यांची चिमुरडी भाची भिंत चाचपत येत होती.

"हिला अंधारात दिसत नाही?"

"अ जीवनसत्त्व कमी पडलंय," डॉक्टर म्हणाले. "अशी बरीच पोरं आहेत. डोस देऊनही फरक नाही."

"डोस कोण देतं?"

"सिस्टरच. माझ्या हातून पोरं थुंकून टाकतात."

बाईंनी सगळ्यांना कोठारात बोलावलं.

"चोर कधी कुणाच्या डोळ्यांना कापूस लावतो का? आणि असे गाल दाबायची सवय इथे एकाच हाताला आहे. सिस्टर?"

"मीच बांधलं," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, एक रात्र यालाही अंधार कळू दे. परवा डोसचा चमचा नुसत्या पाण्याखाली धरला आणि लख्ख निघाला. खरं औषध तेलकट असतं. साखरेचं रंगीत पाणी पाजलं मी पोरांना, माझ्या हातांनी."

"तिला अटक करा," स्टोअरकीपर ओरडला.

चोराच्या उलट्या बोंबा. बाईंचं डोकं तापलं.

"करणार. पण कोठाराची किल्ली तुमच्याकडे आणि शर्टावरचा डागही पाण्यानेच गेला. औषध विकून बाटल्या तुम्हीच भरल्यात. उरलेलं कुठंय?"

तो पुन्हा शर्ट पुसू लागला.

"आज मिळालं तर पोरीचे डोळे वाचतील," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी जमिनीवरची पट्टी उचलली आणि सावकाश हाताभोवती गुंडाळत त्याच्याजवळ गेल्या. या खेपेला कापूस घेतला नाही.

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मेहुण्याच्या दुकानात," तो पुटपुटला. "माळ्यावर."

सिस्टरनी पट्टी खिशात टाकली आणि भाचीला उचलून कडेवर घेतलं.

"पहिला डोस मी देणार," त्या बाईंना म्हणाल्या. "मग कुठे न्यायचं तिथे न्या."