मोरीच्या तोंडाशी

शर्मिष्ठा गटारांची इंजिनिअर होती. मुलुंडच्या सासूबाई शेजारणींना सांगताना 'सूनबाई हायवेचं काम करते' एवढंच सांगायच्या, आणि ते खोटंही नव्हतं. हायवेवर पडलेलं पाणी कडेला जातं कुठे, आणि त्या पाण्यामागोमाग एखादी गाडी गेली तर तिचं काय होतं, हे बघणं तिचं काम. बाळंतपणाची रजा संपवून ती अंधेरीच्या ऑफिसात परतली, तेव्हा बोरिवलीपुढच्या वळणाचं काम तिनं मागून घेतलं. कारण फार थोर नव्हतं. घर जवळ होतं, आणि अनय पाळणाघरात रडला तर पळत जाता आलं असतं.

त्या वळणाला डोंगराच्या अंगानं एक जुनं गटार होतं. उभ्या भिंतींचं, पुरुषभर खोल, वर ना झाकण ना कठडा. पावसात रस्ता आणि गटार एकाच मातकट रंगाचे होत, आणि कुठे एक संपतं नि दुसरं सुरू होतं ते फक्त पाण्यालाच ठाऊक असे.

ती पहिल्यांदा पाहणीला गेली तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. दुपार होती, पाऊस नुकताच थांबला होता. गटाराच्या कडेला एक हिरवी फांदी उभी खोचलेली होती, शेंड्याला लाल चिंधी. त्यात नवल काही नव्हतं. मुंबईत कुठे झाकण उघडं दिसलं की कोणीतरी फांदी मोडून तिथे रोवतं आणि आपल्या वाटेनं निघून जातं. कोण, ते कोणी विचारत नाही.

"तुमच्या माणसांनी लावली?" तिनं कंत्राटदाराच्या निलेशला विचारलं.

"आमची माणसं? फांदी लावायला जातील नि स्वतःच आत पडतील, मॅडम," निलेश हसला.

तिनं सहज चिंधीला हात लावला. कापड फार मऊ होतं, शंभरदा धुतल्यासारखं. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके ओळीनं धावत गेले होते. हे गोधडीचं कापड होतं, लहान मुलाच्या. आणि वास... ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकून न्हालेल्या बाळाला धुरी देतात ना, तो वास. शर्मिष्ठानं मागे पाहिलं. रस्त्याकडेला कणसं भाजणारी विमला नावाची बाई शेगडीला वारा घालत होती. निखाऱ्यांचाच असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. बाळंतपणापासून ती स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगायची.

"हात नको लावू, बाय," विमला म्हणाली. "तिची हाय ती."

"कुणाची?"

"रिक्षा गेली होती आत. बाई वाचली, पोर नाय वाचलं. मग दर पावसात यायची, पोराच्या गोधडीचा तुकडा फाडायची नि फांदीला बांधायची. दुसऱ्याचं जाऊ नये म्हणून. ती पण गेली, करोनात."

"मग आता कोण लावतं?"

विमलानं कणीस परतलं. "मी पण तेच म्हणते. पोराची गोधडी असून असून केवढी असते? तुकडे संपायला पायजे होते ना एव्हाना..."

त्या रात्री शर्मिष्ठानं अनयची गोधडी उगाचच दोनदा नीट पांघरली. सासूबाईंनी स्वतः शिवलेली, त्यांच्या आईच्या लाल लुगड्याची, पिवळे ठिपके असलेली. त्यांचा टाका ओळखू यायचा: एक लांब, एक आखूड, एक लांब.

हिवाळ्यात काम सुरू झालं. शर्मिष्ठाचं म्हणणं साधं होतं. माणूस चुकणारच. झोप लागेल, पाणी उडेल, मागच्या सीटवर पोर रडेल. चुकणाऱ्याला रस्त्यानं सांभाळून घेतलं पाहिजे. म्हणून तिनं उभ्या भिंती काढायला लावल्या आणि गटार परातीसारखं उथळ, पसरट केलं. रस्ता सोडलेली गाडी त्यात हळूच उतरेल, थांबेल नाहीतर परत वर येईल.

राहिलं एक टोक. त्या परातीतलं पाणी शेवटी रस्त्याखालच्या मोरीत शिरत होतं, आणि मोरीचं तोंड जुनंच होतं: सरळ उभी काँक्रीटची भिंत, मधे काळं भोक. शर्मिष्ठानं तिथेही उतार नि वर जाड गज दाखवले होते. पण मे संपत आला.

"पावसाळ्यानंतर करू की, मॅडम," निलेश म्हणाला. "तेवढ्यासाठी सगळं अडकवायचं? वळणावरचा धोका तर गेला. साहेब पण म्हणत होते, बाळ झाल्यापासून मॅडमना जिथे तिथे खड्डेच दिसतात."

सगळे हसले. तीही हसली. तिला खरंच वाटलं, दिसतातच की आपल्याला. बाथरूममधली बादली दिसते, खिडकीचा गज दिसतो. तिनं काम पास केलं.

जुलैत एका संध्याकाळी ती अनयला लशीचा डोस देऊन घरी परत येत होती. सुबोध, तिचा नवरा, ऑफिसात होता. सहाच वाजले असतील, पण डोंगरावरून काळोख उतरला होता आणि पाऊस असा कोसळत होता की वायपर नुसता हात हलवत होता. अनय मागे त्याच्या सीटवर, पायांवर गोधडी. पुढच्या गाडीचे लाल दिवे होते ते विरघळले. ती अंदाजानं जात राहिली. काचा बंद होत्या. तरी गाडीत ओव्याचा वास आला.

आणि समोर, तिच्याच लेनमध्ये, एक फांदी उभी दिसली. फांदीशी कोणीतरी वाकलेलं. पदर डोक्यावरून निथळणारा... आणि एक हात वर, थांब म्हणणारा.

तिनं कचकन ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. तेव्हा ऐकू आलं: पाणी कुणाच्या तरी घशात उतरावं तसा खोल, भरलेला आवाज.

ती खाली उतरली. पाणी पोटऱ्यांना लागलं, आणि पायाखाली डांबर नव्हतं. गुळगुळीत काँक्रीट होतं. ती रस्त्यावर नव्हतीच. वळणावरच कधीतरी रस्ता सुटला होता, गाडी हळूच परातीत उतरली होती आणि तिला कळलंही नव्हतं, इतका सौम्य उतार होता. सौम्य तिनंच ठेवला होता. आणि त्या उतारानं तिला सांभाळून, अलगद, मोरीच्या तोंडाशी आणून सोडलं होतं.

बॉनेटपासून हातभर अंतरावर फांदी उभी होती. सलग काँक्रीटवर, जिथे रोवायला चीरही नव्हती. तिच्यापलीकडे काळं भोक पाणी पीत होतं. बाई कुठेच नव्हती.

शेंड्याला लाल कापड होतं. पिवळे ठिपके. एक लांब टाका, एक आखूड, एक लांब.

ती धावत मागच्या दाराशी गेली. अनय जागा होता, अजिबात रडत नव्हता. पलीकडच्या काचेकडे बघत, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतो तसा हसत होता. गोधडी त्याच्या पायांवरच होती. एक कोपरा नव्हता.

फांदीवरचा तुकडा सोडून घेऊन तिनं गाडी त्याच उतारानं मागे वर काढली. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली. "मी पास केलेलं काम चूक आहे," ती म्हणाली. "मोरीचं तोंड आत्ताच्या आत्ता करायचं. उघडीप मिळेल त्या दिवशी." या वेळी कोणी हसलं नाही, तिच्या आवाजात हसण्याजोगं काही उरलं नसावं. त्याच महिन्यात तिथे उतार झाला, गज बसले. निलेशनं स्वतः गजांवर उभं राहून उड्या मारून दाखवल्या.

"बघा मॅडम, हत्ती पण जाणार नाही आत."

त्यानंतरही मोठे पाऊस झाले, पण फांदी काही दिसली नाही. "थांबली वाटतं," विमला म्हणाली, आणि तिनं शेगडीतल्या निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला. का, ते शर्मिष्ठानं विचारलं नाही. तो लाल तुकडा तिनं गोधडीला परत शिवला, वेडावाकडा. सासूबाईंना 'उंदरानं कुरतडली' असं सांगितलं आणि गोधडी घडी घालून कपाटात वर ठेवून दिली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सुबोध अनयला घेऊन मुलुंडला आईकडे निघाला. शर्मिष्ठा मागे राहिली. एक ड्रॉइंग संपवायचं होतं. सकाळी रिमझिम होती, दुपारी जोर धरला. ती कागदावर वाकली असताना घरात ओव्याचा वास आला.

तिनं कपाट उघडलं. गोधडी जागेवर होती, घडीसुद्धा तशीच. तिनं ती खाली घेतली, उलगडली. लाल कापड नव्हतं. नुसतं पांढरं अस्तर उरलं होतं, आणि त्यावर टाके मात्र जागच्या जागी, ओळीनं. एक लांब, एक आखूड, एक लांब.

तिनं सुबोधला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"हायवेलाच अजून. नुसतं पाणी आहे गं, जीव जातोय. का?"

"सुबोध, ऐक... थांब आधी. कडेला कुठे फांदी दिसते का बघ. एखादी फांदी, लाल कापड बांधलेली..."

वायपरचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"एखादी?" सुबोध म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "शमी... इथून पुढे, नजर जाते तिथवर, दोन्ही कडांना फांद्याच लागल्यात."

आणि मागच्या सीटवरून अनयचं हसू ऐकू आलं.